न पिण्याची कारणमीमांसा

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो आणि न पिण्यासाठी लागत नाही. व्यवहारात मात्र याच्या नेमके उलट आढळते, म्हणजे पिणाऱ्याला परवाना कोणी विचारत नाही आणि न पिणाऱ्याला दर बैठकीत आपल्या कोरडेपणाचा खुलासा करावा लागतो. कायद्याची बाजू आधी पाहणे सोयीचे ठरेल. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात आहे. काळाच्या ओघात त्याच्या नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, मोरारजी देसाईंच्या काळातली कडक बंदी सैल होत होत परवान्यांची व्यवस्था आली, पण त्यामागचे गृहीतक बदलले नाही. नागरिक मुळात न पिणारा असतो आणि पिणे ही त्याला सरकारने दिलेली सवलत असते, असे हे गृहीतक आहे. ही सवलत एका दिवसाची, एका वर्षाची किंवा आजन्म मिळते, आणि ती कशासाठी, तर परवान्याच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी; त्यामुळे परमिट रूममध्ये, म्हणजे परवानाधारकांनी बसून पिण्याच्या जागेत, रात्री अकरा वाजता चौथा पेग मागवणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने प्रकृतीची काळजी घेत असतो. वयाची अटही अशीच विचारपूर्वक घातलेली दिसते. सौम्य बिअर आणि वाइन २१व्या वर्षी चालते, व्हिस्की-रमसाठी मात्र २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि विधानसभेची निवडणूक लढवण्यासाठी राज्यघटनेने ठरवलेले किमान वयही २५च असल्याने, आमदारकी आणि व्हिस्की या दोन्ही गोष्टी पेलण्यास सारखीच परिपक्वता लागते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

या चौकटीत दारू सोडणारा माणूस नवे असे काहीच करत नाही. कायद्याने गृहीत धरलेल्या आपल्या मूळ स्थितीत तो परत येतो, इतकेच. त्यासाठी अर्ज नाही, शुल्क नाही, दोन साक्षीदारही नाहीत. समाजाच्या दफ्तरी मात्र त्याची नोंद 'याला काहीतरी झाले आहे' या सदराखाली होते, आणि ती का होते हे कळण्यासाठी 'बसणे' ही संज्ञा समजून घेतली पाहिजे. चार माणसे जेवायला बसतात, भजनाला बसतात, धरण्यालाही बसतात. पण 'शुक्रवारी बसू या' या वाक्यात कशाला हे सांगितलेले नसते, कारण त्यात बाटली अध्याहृत असते. या बसण्याला ग्लास, सोडा, बर्फ आणि चकणा लागतो. चकणा म्हणजे पिताना तोंडी लावायचे शेंगदाणे, चणे, शेव, मसाला पापड इत्यादी. या सर्वांहून आवश्यक घटक म्हणजे आग्रह. जुन्या पंगतींमध्ये यजमान जिलबीचे ताट घेऊन फिरत असे आणि पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरून प्रतिकार करत असे. पंगती गेल्या, बुफे आले, प्रत्येकजण आपापले वाढून घेऊ लागला, आणि त्यामुळे निराश्रित झालेला मराठी आग्रह बाटलीच्या आश्रयाला गेला. ग्लासावर आडवा हात धरणारा पाहुणा आणि 'माझ्यासाठी एकच' म्हणणारा यजमान हे दृश्य त्या लयाला गेलेल्या संस्कृतीचे अखेरचे अवशेष म्हणून अभ्यासकांनी जपावे असे आहे.

अशा आग्रहापुढे नुसते 'नको' टिकत नाही. त्याला कारण जोडावे लागते, आणि ही कारणे मान्यतेच्या क्रमाने लावता येतात. सर्वांत भक्कम कारण वाराचे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि साईबाबांचा, शनिवार मारुतीचा अशी वाटणी असल्यामुळे, आणि बहुतेक घरांत यांपैकी एखादा तरी वार पाळला जात असल्यामुळे, महाराष्ट्रातला नियमित पिणारा गृहस्थही आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण व्यसनमुक्त असतो. 'एक दिवसही राहवत नाही' ही त्याची तक्रार म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नसते. गुरुवारी त्याला राहवते, शुक्रवार लागताच राहवत नाही. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. परंतु या एका बाबतीत इंग्रजी घड्याळ प्रमाण मानावे यावर सर्व पंथांचे एकमत झालेले दिसते.

वाराचे विराट रूप म्हणजे श्रावण. इंग्लंडमध्ये अल्कोहोल कन्सर्न या संस्थेने २०१३ साली जानेवारीचा महिना कोरडा पाळण्याची मोहीम सुरू केली आणि पुढे अनेक देशांत तिचे नवी कल्पना म्हणून कौतुक झाले. मराठी माणूस हा प्रयोग कित्येक पिढ्या करत आला आहे, फक्त त्याने तो आरोग्याच्या खात्यावर न मांडता धर्माच्या खात्यावर मांडला. आषाढ अमावास्या ही खरे तर दिव्यांच्या पूजेची, पण तिलाच गटारी म्हणून साजरी करण्याची जी लोकरीत पडली, तिचे तत्त्व भौतिकशास्त्रातल्या अक्षय्यतेच्या नियमाशी तंतोतंत जुळते, ते असे की पुढच्या महिन्यात न प्यायलेली दारू नष्ट होत नसते, ती आदल्या रात्री प्यायली जाते. ही अमावास्या वाराच्या दिवशी आली तर अडचण होते, आणि मग गटारी आदल्या रविवारी उरकली जाते. तिथी हलवण्याचे असे धाडस मोठमोठ्या पंचांगकर्त्यांनीही कधी केलेले नाही.

२०२३ साली या शास्त्राची खरी कसोटी लागली. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने दर अडीच-तीन वर्षांनी एक अधिक महिना धरून हिशेब जुळवावा लागतो, आणि त्या वर्षी तो महिना नेमका श्रावणात आला. १७ जुलैची अमावास्या सोमवारी. १८ जुलैला अधिक श्रावण लागला. तो १६ ऑगस्टला संपून दुसऱ्या दिवशी निज, म्हणजे मूळचा, श्रावण सुरू झाला. मग गटारी कोणत्या अमावास्येची? एरवी ज्यांना तिथी आणि तारीख यांतला फरक सांगता आला नसता अशा मंडळींमध्ये अधिक आणि निज यांवरून मीमांसकांना शोभेल असा वाद सुरू झाला. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की अधिक महिन्यात लग्न-मुंजी होत नाहीत, त्याअर्थी तो महिना हिशेबात नाही, आणि जो हिशेबात नाही त्यात प्यायलेलेही हिशेबात धरू नये. दुसऱ्या पक्षाने अधिक महिन्यालाच पुरुषोत्तम मास म्हणतात आणि त्यात पुण्य जास्त लागते याकडे लक्ष वेधले, परंतु दोन महिने कोरडे काढण्याची तयारी त्या पक्षातही थोड्यांचीच होती. तिसऱ्या पक्षाने श्रावण दोन तर गटाऱ्याही दोन असा समन्वय सुचवला, आणि व्यवहाराला मानवणारे तत्त्वज्ञान नेहमीच बहुमताने स्वीकारले जाते. निज श्रावण संपला तेव्हा गणपती दाराशी येऊन ठेपले होते, त्यामुळे भाविकांचा कोरडा काळ आणखी लांबला. अनंत चतुर्दशीपर्यंत मूर्ती ठेवणाऱ्या घरांतले काही पुरुष या दिवसांत दीड दिवसाच्या गणपतीची परंपरा असलेल्या घरांकडे जरा हेव्याने पाहतात, असे निरीक्षण नोंदवण्यास जागा आहे. या साऱ्यातून एक गोष्ट सिद्ध होते, ती ही की महिनाभर दारू न पिणे असंख्य पिणाऱ्यांना सहज जमते. हे श्रेय स्वतःकडे घ्यायला मात्र कोणी तयार नसतो. न पिणारा तो नव्हे, श्रावण आहे.

वैद्यकीय कारणे मान्य होतात, पण त्यांना मुदत असते. अँटिबायोटिकचा कोर्स पाच दिवसांचा असतो हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असल्याने सहाव्या दिवशी ग्लास पुन्हा पुढे येतो, आणि रक्तदाब किंवा मधुमेह ही टिकाऊ कारणे पुढे केली तर तेच विकार असलेले दोघे-तिघे समोरच ग्लास घेऊन बसलेले सापडतात व व्हिस्कीत साखर नसते हा शोध ऐकवतात. मुदत नसलेले एकच कारण महाराष्ट्राने घडवले, आणि ते म्हणजे तुळशीची माळ. वारकरी संप्रदायात माळ घालणे म्हणजे पंढरीच्या वारीचा नेम घेणे आणि मद्य-मांस वर्ज्य करणे. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही, उलट त्याच्या देखत बाटली उघडणाराच थोडा ओशाळतो. आधुनिक व्यसनमुक्तीशास्त्राला जे जे हवे असते ते ते माळेत आहे: चारचौघांदेखत घेतलेला निर्णय, सोबतीला दिंडी, वर्षातून एकदा आषाढीला होणारी हजेरी, आणि निर्णयाची खूण सदैव गळ्यात. तिच्यात उणीव एकच, की दारूबरोबर मटणही सोडावे लागते, आणि दारू सोडण्यास मनापासून तयार झालेले कित्येक गृहस्थ रविवारचा रस्सा आठवून या पायरीवरून परत फिरतात.

याखेरीज एक कारण उरते, आणि ते कोणत्याही बैठकीत ग्राह्य धरले जात नाही. एखादा मनुष्य वार नसताना, श्रावण नसताना, गोळ्या चालू नसताना आणि माळ नसताना केवळ 'आता नको वाटते' असे म्हणाला, तर प्रथम शांतता पसरते, मग त्याच्या रक्ततपासणीच्या अहवालाबद्दल चौकशी होते, नंतर त्याच्या पत्नीच्या स्वभावाबद्दल, आणि शेवटी तो कोणत्या महाराजांकडे जातो याबद्दल. स्वतःच्या बुद्धीने न पिण्याचा निर्णय घेता येतो ही शक्यता कोणाच्या मनात येत नाही, कारण ती मान्य केली तर इतरांनाही तो घेता आला असता हे ओघाने मान्य करावे लागते.

मराठी रंगभूमीने याची नोंद फार पूर्वी केली आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांनी रंगवलेल्या सिंधूने, म्हणजे नायकाच्या पत्नीने, प्रेक्षकांना रडवले. नाटकाचा हेतू मद्यपानाचे दुष्परिणाम दाखवण्याचा, यात संशय नाही. परंतु प्रेक्षक घरी जाताना बरोबर घेऊन गेला तो तळीराम. आर्य मदिरा मंडळाचा, म्हणजे नाटकातल्या पिणाऱ्यांच्या संघाचा, हा आधारस्तंभ इतका लोकप्रिय झाला, की एकतीस डिसेंबरला पोलीस ज्यांना अडवतात त्या सर्वांना वर्तमानपत्रे आजही त्याचेच नाव देतात. त्याच नाटकात भगीरथ नावाचा तरुण दारू सोडून सन्मार्गाला लागतो, पण दारू सोडणाऱ्या कोणाला भगीरथ म्हटल्याचे ऐकिवात नाही. नायक सुधाकरही मध्यंतरी दारू सोडतो, नोकरीसाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो, तिथे अपमानित होतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा भाग विनोदी नाही. पिणाऱ्या सुधाकरला मंडळ होते आणि सोडणाऱ्या सुधाकरला कोणीच नव्हते, हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले, आणि प्रेक्षकांनी तळीरामाच्या विनोदाला टाळ्या देऊन ते विसरून टाकले.

दारू सोडल्यावरही जो बैठकीला जात राहतो, त्याच्या वाट्याला तीन पदे आपोआप येतात. पहिले पद चकणाभक्षकाचे: हाताला ग्लास नसल्याने तो हात शेंगदाण्यांकडे वळतो, बशी दर दहा मिनिटांनी रिकामी होते, आणि पिणारे त्याच्याकडे अशा नजरेने पाहतात की जणू दारू सोडून त्याने त्यांचे नुकसानच केले आहे. दुसरे पद चालकाचे: तो शुद्धीवर असल्याने सर्वांना घरोघरी सोडण्याची जबाबदारी त्याची, आणि त्यात प्रत्येकाच्या घरी दार उघडणाऱ्या व्यक्तीच्या नजरेला नजर देणेही आले. तिसरे पद श्रोत्याचे, आणि तेच सर्वांत कठीण. पिणाऱ्याला जी गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगतो आहोत असे वाटते, ती न पिणाऱ्याला तिसऱ्यांदाच ऐकू येते. ज्या चर्चांना तो वर्षानुवर्षे सखोल समजत आला, त्यांची खोली नव्वद मिलीलिटर होती हा शोध त्याला या काळात लागतो. एवढे करून बिल आले की ते सारख्या हिश्शांत वाटले जाते. 'टीटीएमएम', म्हणजे तुझे तू माझे मी, हे तत्त्व महाराष्ट्रातच नावारूपाला आले, पण ज्याला त्याचा खरा लाभ झाला असता त्याच्या बाबतीत ते स्थगित ठेवले जाते. मॉकटेल, म्हणजे मद्याशिवायचे मिश्र पेय, मागवून त्याने प्रतिष्ठा राखावी म्हटले, तर लिंबू, पुदिना, सोडा आणि कागदी छत्री यांच्या त्या मिश्रणाची किंमत बघून दारू का लोकप्रिय आहे याचे आर्थिक स्पष्टीकरण मिळते.

घरातली परिस्थितीही अपेक्षेइतकी सरळ नसते. दारू सोडणाऱ्याला सुरुवातीच्या आठवड्यांत गोडाची ओढ लागणे हा सर्वपरिचित अनुभव आहे, आणि 'दारू सोड' म्हणून वर्षानुवर्षे विनवणारे कुटुंब त्याने एका बैठकीत अर्धा किलो श्रीखंड संपवल्यावर 'साखर सोड' हा नवा अध्याय उघडते. शिवाय संध्याकाळचे साडेसात ते अकरा हे तीन-साडेतीन तास अचानक मोकळे होतात, आणि इतकी वर्षे त्या वेळेत घरात काय चालते हे ठाऊक नसलेला माणूस मालिकांच्या वेळेत येऊन बसतो, कथानक विचारतो आणि मुलांच्या वह्या तपासू लागतो. यामुळे घरात निर्माण होणाऱ्या ताणाचा विचार व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत पुरेसा झालेला नाही.

ज्यांना सोडणाऱ्याच्या इच्छेची वाट पाहायची नसते त्यांच्यासाठी भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत एक जाहिरात असते, 'न कळत दारू सोडवा' या अर्थाची. यामागचे एक औषध खरे आहे. डायसल्फिराम नावाचे हे रसायन डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतांवरचा उपाय म्हणून तपासत होते, त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि नंतर मद्य घेतल्यावर त्यांची जी अवस्था झाली तिच्यातून १९४८ साली दारूवरचा उपाय जगासमोर आला. दारू शरीरात गेली की तिचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होते. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते, त्यामुळे चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड असे सर्व भोग एकदम सुरू होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीने हे उपयोगी पडते; आमटीत चोरून घातले तर जिवावर बेतू शकते. तितकीच गंभीर गोष्ट ही, की वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने बाणेदारपणे एका रात्रीत थांबणे धोक्याचे असते. हात थरथरण्यापासून सुरुवात होऊन दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो, म्हणून अशा माणसाने शपथ घेण्याआधी डॉक्टर गाठावा.

गावपातळीवर दारूच्या दुकानाचा प्रश्न लोकशाही मार्गाने सोडवण्याची सोय महाराष्ट्रात आहे, आणि तिच्या मतपत्रिकेवर उभी बाटली, म्हणजे दुकान चालू, आणि आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद, अशी दोन चिन्हे असतात. गावातल्या महिलांच्या मागणीवरून गुप्त मतदान होते, आणि दुकान बंद होण्यासाठी नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी करावी लागते, नुसते झालेल्या मतदानातले बहुमत पुरत नाही. म्हणजे सासरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली किंवा यादीत राहून वारलेली प्रत्येक बाई नाइलाजाने बाटली उभी धरून ठेवते. इतके असूनही अनेक गावांतल्या बायकांनी बाटली आडवी केली आहे, आणि इतक्या कडक निकषावर निवडून येण्याची पाळी कोणत्याही आमदारावर आलेली नाही.

कारण न विचारता न पिणाऱ्याला जवळ करणाऱ्या जागा थोड्या आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते आरंभी प्रामुख्याने गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनात सापडलेल्या तरुणांसाठी, आणि त्यासाठी भक्कम आर्थिक मदत केली ती पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी. महाराष्ट्राला सर्वाधिक हसवणाऱ्या माणसाला शुद्धीवरचे हसणे अधिक मोलाचे वाटत होते, असे यावरून म्हणता येईल. तिथे उपचार घेऊन बरे झालेले अनेकजण पुढे तिथेच समुपदेशक झाले, त्यामुळे नव्याने आलेल्याची कोणतीही थाप तिथे खपत नाही, कारण ती समोरच्याने आधी मारलेली असते. दुसरी जागा अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींचा स्वमदत गट, जो १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून जन्माला आला. महाराष्ट्रातही त्याच्या सभा होतात, त्यांत आडनाव विचारत नाहीत, वर्गणीची सक्ती नसते, आयुष्यभराची शपथ न घालता फक्त आजचा दिवस न पिण्याविषयी बोलतात, आणि चहा मिळतो. सभासद होण्याची अट एकच आहे, दारू थांबवण्याची इच्छा. जे कारण इतर कोणत्याही बैठकीत चालत नाही, तेवढेच इथे चालते.

वाचकांपैकी जे यजमान असतील त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी कोणी 'नको' म्हणाले तर वार, महिना आणि रक्ताचा अहवाल न विचारता त्याच्यासमोर सोलकढी ठेवावी, आणि बिल वाटताना त्याच्या नावावर फक्त चकण्याचे पैसे लावावेत.